शिरीषावरचं पिल्लू

ऑस्प्रेचं पिल्लू बंगालमध्ये पाहायला मिळत नाही. मोठा ऑस्प्रे दिसतो, तोही हिवाळ्यात. मासे मारून जगणारा हा शिकारी पक्षी थंडीत इथल्या पाणथळींवर उतरतो, तसाच आपल्याकडे भिगवणला उजनीच्या पाण्यावरही येतो. पाण्याच्या वर एका जागी पंख मारत थांबायचं, पाय पुढे काढून खाली झेप घ्यायची आणि पकडलेल्या माशाचं तोंड उडण्याच्या दिशेला वळवून निघून जायचं, ही त्याची रीत एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. पण ऊन तापायला लागलं की तो उत्तरेची वाट धरतो. घरटं, अंडी, पिल्लं, हा त्याचा सगळा संसार तिकडचा.

तो संसार मी पडद्यावर पाहिला आहे. एडिंबराला राहणाऱ्या माझ्या भाचीने मला त्याची गोडी लावली. ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्प्रेची वीण थांबली होती. अंडी जमवणाऱ्या आणि पक्षी मारून पेंढा भरून ठेवणाऱ्या शौकिनांनी त्याला संपवलं होतं. १९५४ साली स्कॉटलंडमध्ये लॉख गार्टनच्या काठी एका जोडीने पुन्हा घरटं केलं. १९५८ साली पहारा असतानाही तिथली अंडी चोरीला गेली. पुढच्या वर्षी पक्षिसंरक्षण संस्थेने अगदी उलट वाट धरली. घरटं लपवायचं नाही, लोकांना बोलावून दाखवायचं. दुर्बिणी लावल्या, आडोसा बांधला आणि हजारो माणसं येऊन पाहून गेली. ज्यांनी पाहिलं ते आपसूक राखणदार झाले. मला त्या सगळ्या कथेत ऑस्प्रेच्या झेपेइतकाच हा निर्णय मोठा वाटतो.

मी राहते त्या कोलकात्याजवळच्या डमडममध्ये मात्र माझ्या वाट्याला आलं ते घारीचं पिल्लू. साधी, तपकिरी, दुभंगल्या शेपटीची घार. जिच्याकडे कुणी मुद्दाम मान वर करून बघत नाही ती.

मराठी माणसाला डमडम हे नाव ऐकून माहीत असतं ते बहुधा गोळीमुळे. अंगात शिरल्यावर फुलणारी बंदुकीची गोळी १८९०च्या दशकात इथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तयार झाली आणि १८९९च्या हेग परिषदेने युद्धात तसल्या गोळ्या वापरायला बंदी घातली. ज्यांच्या घरी फोनो होता त्यांना आणखी एक ओळख असेल. एचएमव्हीचा तबकड्यांचा कारखाना डमडमचा. आपल्या आजोबांनी जपून ठेवलेल्या नाट्यपदांच्या कितीतरी तबकड्या इथे दाबून निघाल्या. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे मेसोमोशाई त्या कारखान्यात नोकरीला होते. मराठी तबकड्या त्यांच्या हातून गेल्या, शब्द एकही कळला नाही, पण चाली अजून आठवतात असं ते म्हणतात आणि कधी कधी जिन्यात उभं राहून एखादी गुणगुणतातही. आता डमडम म्हणजे विमानतळ. विमानं आमच्या गच्चीवरून इतकी खाली येतात की चाकं मोजता येतात.

आमची गल्ली नागेरबाजारजवळ जेसोर रोडला फुटते. गल्लीच्या तोंडाशी एक जुना शिरीष आहे. मुंबईकर ज्याला रेन ट्री किंवा पर्जन्यवृक्ष म्हणतात तोच. मूळचा अमेरिकेतला, पण कोलकात्याला त्याने इतकी सावली दिली आहे की त्याला परका म्हणायला जीभ वळत नाही. माघाच्या शेवटी त्याची पानं झडून विरळ होतात आणि मग आतलं सगळं दिसायला लागतं. एका खोडाच्या ढोलीत पोपट, खालच्या फांद्यांवर कावळे, आणि वर, जिथे तीन जाड फांद्या एकत्र येतात तिथे, काटक्यांचा मोठा ढीग. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो ढीग जवळजवळ समपातळीत दिसतो.

घारी जुनंच घरटं दुरुस्त करून पुन्हा वापरतात. थंडीत ही जोडी काटक्या आणताना दिसू लागली. काटक्यांपाठोपाठ अस्तर आलं. तागाचे धागे, निळ्या प्लास्टिकच्या दोरीचे तुकडे, लाल चौकड्यांच्या गामोछाची चिंधी, बाजारातली पांढरी पिशवी. पिशवी पाहून मी प्रथम हळहळले. पण मग एक जुना लेख आठवला. स्पेनमधल्या डोन्याना इथल्या घारींवर फाब्रित्सिओ सर्जिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला. तिथल्या घारी पांढरं प्लास्टिक निवडून आणतात, आणि जी जोडी धडधाकट असते, जिची जागा चांगली असते, तीच घरटं जास्त सजवते. बाकीच्या घारींना तो इशारा असतो की इथे वाटेला जाऊ नका. म्हाताऱ्या आणि अगदी तरुण घारी ही सजावट टाळतात, कारण सजवलेलं घरटं राखायची ताकदही लागते. आमच्या शिरीषावरची पिशवी असाच इशारा होती की नुसती मऊ गादी, हे मी कसं सांगणार? पण त्या जोडीच्या हद्दीत दुसरी घार फिरकताना मला दिसली नाही.

या घारीच्या शास्त्रीय नावात शेवटी ‘गोविंदा’ आहे. मुंबई सैन्यातला अधिकारी विल्यम हेन्री साइक्स दख्खनमध्ये हिंडून आकडेवारी गोळा करत होता, तेव्हा त्याने तिथले पक्षीही टिपले आणि १८३२ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे त्यांची यादी मांडली. भारतातल्या घारीला हे नाव त्याने त्या यादीत दिलं. म्हणजे पुण्या-नगरच्या माळावरून उचललेलं नाव घेऊन ही घार आज गंगेच्या काठी नांदते आहे. परगावी राहणाऱ्या माणसाला एवढा धागाही पुरतो.

सरस्वतीपूजेच्या सुमाराला मादी घरट्यात बसली ती बसलीच. घार सहसा दोन-तीन अंडी घालते आणि महिनाभर उबवते. त्या महिन्यात नर काय करतो हे मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं. तो आणतो. शेजारच्या फांदीवर येऊन थरथरती शीळ घालतो, मादी उठून जाते, खाते, आणि तेवढा वेळ तोच अंड्यांवर बसतो. जनाबाईच्या अभंगात आभाळात हिंडताना पिल्लांकडे झेपावणाऱ्या घारीचा दाखला आहे. लहानपणी आजीच्या तोंडून तो ऐकला तेव्हापासून माझ्या मनातली हिंडणारी घार म्हणजे आईच. इथे पहिले कितीतरी आठवडे हिंडत होता तो बाप, आणि आई जागची हलत नव्हती. पुढे पिल्लं मोठी झाली, त्यांची भूक एकट्याच्या आवाक्याबाहेर गेली, तेव्हा आईही आभाळात निघाली. एक फेरी मारायची, वळून घरट्यावरून जायचं, पुन्हा फेरी. तेव्हा मला आजीची घार दिसली.

पिल्लं निघाली ती होळीच्या आधी. पहिल्यांदा दिसलं ते मादीच्या छातीखालून वर आलेलं एक मळकट पांढरं डोकं, डोळ्याभोवती काळसर पट्टा, मान धरवत नाही अशी अवस्था. दुसरं डोकं नंतर दिसलं, पहिल्यापेक्षा लहान. घारी पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसतात, त्यामुळे पिल्लं एकाच दिवशी निघत नाहीत आणि थोरल्या-धाकट्यात पहिल्यापासून फरक राहतो. मादी मांसाचा अगदी बारीक तुकडा चोचीच्या टोकात धरून मान तिरकी करायची आणि पिल्लाला तो नीट दिसेपर्यंत थांबायची. अख्खा मासा फाडून खाणारी तीच ही चोच. ते थांबणं पाहताना माझा गॅसवरचा वरणाचा कुकर कितीदा शिट्ट्यांवर शिट्ट्या देत राहिला.

काय खाऊ घालत होती? आमच्या बाजारात मासेवाले उभ्या विळीवर, जिला इथे बोटी म्हणतात, रोहू-कटला कापतात. खवलं, कल्ले, आतडी बाजूच्या टोपलीत पडतात. नर तिथून उचलायचा. कोंबडीवाल्याकडची आतडी आणि पाय यायचे. उंदीर यायचे, आणि ते मला फार आवडायचं, कारण आमच्या तळमजल्यावर त्यांचा उच्छाद होता. एकदा सरडा आला, एकदा पोपटाचं पिल्लू. बेलघरिया एक्स्प्रेसवेच्या कडेला कचऱ्याचा डोंगर आहे, त्यावर घारींचे थवे घिरट्या घालत असतात, तिथूनही काही येत असणार.

हे सगळं घाण म्हणून नाक मुरडण्यासारखं नाही. या शहराची सफाई कुणी केली याचा इतिहास पक्ष्यांचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात कोलकात्याच्या रस्त्यांवर आणि गच्च्यांवर हाडगिला नावाचे प्रचंड करकोचे उभे असत, कुजकं मांस आणि हाडं गिळत. महापालिकेच्या १८९६च्या बोधचिन्हावर ते दोन बाजूंना मानाने उभे होते. पुढे हाडगिले शहरातून गेले. मग गिधाडं होती. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने ती मेलेल्या गुरांच्या मांसातून विष खाऊन मेली. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात आणि त्यानंतर काही वर्षांत भारतातल्या तीन जातींची गिधाडं नव्वद टक्क्यांहून जास्त घटली, आणि जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली २००६ साली. राहिली घार. शहराने टाकलेलं उचलून त्यातून पिल्लं वाढवणारा एवढा मोठा पक्षी आता आपल्यापाशी दुसरा नाही. तीही आहे तोवर आहे, असं समजून तिच्याकडे बघायला हवं.

धाकटं पिल्लू तिसऱ्या आठवड्यात गेलं. थोरलं तोवर पायावर उभं राहू लागलं होतं, पंखांच्या कडेला काळसर कोंब फुटले होते. धाकट्याचं अंग अजून सगळं लवीचंच. आई घास पुढे करायची तेव्हा थोरलं मध्ये यायचं, आणि ज्याची मान उंच त्याला घास मिळायचा. त्या आठवड्यात दोन दिवस अवकाळी पाऊस झाला, बाजार थंड होता, नराच्या फेऱ्या कमी झाल्या. थोरल्याने धाकट्याला टोचून मारलं असं मी पाहिलं नाही. ते फक्त हळूहळू मान वर करेनासं झालं. शिकारी पक्ष्यांच्या घरट्यात असं अनेकदा होतं, अन्न कमी पडलं तर दोन्ही अर्धपोटी ठेवण्यापेक्षा एक तरी पुरतं वाढतं, हे मला माहीत होतं. माहीत असल्याचा काही उपयोग झाला नाही. मी बाल्कनीचं दार लावून घेतलं आणि दिवसभर तिकडे गेले नाही. संध्याकाळी मेसोमोशाई जिन्यात भेटले. “छोटोटा नेई, बौमा,” एवढंच म्हणाले. धाकटं नाही आता, सूनबाई. तेही खालून त्यांच्या खिडकीतून बघत होते, हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतर आम्ही एकेकट्याने बघितलं नाही. त्यांच्याकडे जुनी जड दुर्बीण निघाली. पहिल्या मजल्यावरची शाळकरी मुलं गच्चीवर यायला लागली. गल्लीच्या क्लबातले, एरवी कॅरम सोडून न उठणारे दोन तरुण संध्याकाळी डोकावून जाऊ लागले. सगळ्यांनाच हे आवडलं असं नाही. गच्चीवर उन्हात डाळीच्या बोड्या, आपल्या सांडग्यांसारख्या, घालणाऱ्या एका काकीमांच्या डोक्यावरून मादीने झपाटा मारला. पिल्लू लहान असेपर्यंत घारी जवळ येणाऱ्याच्या अंगावर येतात, मागून येतात, आणि नखं लागली तर रक्त काढतात. काकीमा संतापल्या. घरटं काढून टाका म्हणाल्या, आणि त्यांचं भयही खरं होतं. शेवटी तोडगा साधाच निघाला. महिनाभर गच्चीवर जाताना छत्री उघडून जायचं. काकीमा गेल्या, छत्री घेऊन. पंधरवड्याने त्याच मला विचारू लागल्या, आज बाळाने काय खाल्लं?

बाळ खात होतं आणि वाढत होतं. चैत्रात शिरीषाला नवी पालवी आली आणि माझ्या खिडकीतलं दृश्य अर्धं झाकलं गेलं. मग मी गच्चीच्या कोपऱ्यातून बघायला लागले. सकाळी नऊनंतर ऊन घरट्यावर पडायचं, दमट उकाड्याने जीव नकोसा व्हायचा, आणि मादी पिल्लाच्या पाठीशी उभी राहून पंख अर्धे उघडून सावली धरायची. स्वतः चोच वासून धापा टाकायची. उन्हाबरोबर तीही सरकायची, सावली पिल्लावरून हलू द्यायची नाही.

पिल्लाचा रंग बदलला. मळकट लव जाऊन तपकिरी पिसं आली. प्रत्येक पिसाच्या टोकाला पिवळसर ठिपका, त्यामुळे अंगभर खडी उमटल्यासारखं दिसायचं. मोठ्या घारीच्या अंगावर ही नक्षी नसते, ती पहिल्या वर्षाचीच. शिटायचं झालं की मागे सरकत सरकत घरट्याच्या काठाशी जायचं आणि बाहेर पिचकारी टाकायची, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं आणि ते कधी चुकलं नाही. खाली उभ्या केलेल्या एका स्कूटरच्या मालकाने निमूटपणे जागा बदलली.

मग पंख मारणं सुरू झालं. आधी बसल्या बसल्या, मग उभं राहून, मग काठावर पायांनी घट्ट धरून. वारा आला की तोंड वाऱ्याकडे करायचं हेही त्याचं त्यालाच समजलं. विमान डोक्यावरून गेलं की मान वळवून ते दिसेनासं होईपर्यंत बघायचं. कावळा आला तर दबून बसायचं. विमानाचं भय नाही, कावळ्याचं आहे. त्याच्या जगात ते बरोबरच होतं. आमच्या जगात मात्र घार आणि विमान हा काळजीचा विषय आहे. पाऊण किलोचा पक्षी इंजिनात गेला तर किती हानी होऊ शकते हे विमानतळाजवळ राहणाऱ्यांना सांगावं लागत नाही. त्यावर उपाय घारी मारणं हा नव्हे. धावपट्टीच्या आसपास उघडा कचरा आणि उघड्यावरची मांसविक्री नसावी हा आहे, आणि तो माणसांच्या हातचा आहे. घार जाते तिथे आपण काहीतरी टाकलेलं असतं.

पोइला बैशाखच्या, म्हणजे बंगाली नववर्षाच्या आसपास, एप्रिलच्या मध्याला, दुपारीच अंधारून आलं. वायव्येकडून काळीशार भिंत उठली. कालबैशाखी हे उन्हाळी वादळ. ती इथे दरवर्षी येते, उकाड्यातून सुटका करते म्हणून लोक तिची वाट बघतात. पण ज्यांनी २० मे २०२० चं अम्फान चक्रीवादळ इथे काढलं आहे त्यांच्या पोटात वाऱ्याच्या आवाजाने अजून गोळा येतो. त्या रात्री डमडमला ताशी १३० किलोमीटरच्या घरात वारा होता आणि सकाळी शहरात हजारो झाडं आडवी होती. आमचा शिरीष तेव्हा एक मोठी फांदी देऊन वाचला. आता पुन्हा तोच शिरीष हेलपाटत होता आणि घरटं असलेल्या फांद्या एकमेकींवर आपटत होत्या. पाऊस इतका दाट होता की पिल्लू दिसत नव्हतं. मादी दिसत होती, घरट्यावर पंख पसरून सपाट झालेली. वारा तिची पिसं उलटी करत होता.

तासाभराने उघडलं. घरट्याची एक बाजू ढासळली होती, पांढरी पिशवी खाली विजेच्या तारेला लटकत होती. पिल्लू भिजून अर्धं झालेलं, पण उभं होतं. नराने आणलेला माशाचा तुकडा त्याने त्या दिवशी आईकडून भरवून घेतला नाही, पायाखाली धरून स्वतः फाडून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी फांद्या छाटणारी माणसं आली. वादळाच्या दिवसांत तारांवर येणाऱ्या फांद्या छाटाव्याच लागतात, त्यात त्यांची चूक काहीच नव्हती. यादीत आमचा शिरीष होता. शिडी लागली तेव्हा मी खाली उतरले, पण माझ्या मोडक्या बंगालीची गरजच पडली नाही. क्लबाचे तरुण आधीच उभे होते, मेसोमोशाई दुर्बीण गळ्यात घालून आले होते, आणि काकीमा छत्री टेकून सगळ्यांत पुढे. वर छाना आहे, पिल्लू आहे, पंधरा दिवस थांबा, एवढीच मागणी. मुकादमाने दुर्बिणीतून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग खालच्या दोन फांद्या, ज्या खरोखर तारांना लागत होत्या, तेवढ्या उतरवून माणसं गेली. वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्याच्या घरट्याला धक्का लावणं हेही शिकारीतच मोडतं, हे मी सांगायची तयारी करून गेले होते. ते न सांगताच काम झालं याचा मला अधिक आनंद झाला.

उड्डाण वैशाखात झालं. काही दिवस पिल्लू घरट्यातून बाजूच्या फांदीवर, तिथून वरच्या फांदीवर चढत होतं. एका सकाळी त्या फांदीवर पंख उघडून उभं असताना वाऱ्याची झुळूक खालून आली आणि त्याचे पाय सुटले. ते उडालं म्हणण्यापेक्षा उचललं गेलं. मग पंख हलले, वेडेवाकडे हलले, आणि ते गल्ली ओलांडून समोरच्या पाण्याच्या टाकीवर उतरलं. उतरताना तोल जाऊन पुढे आपटलं. गच्चीवरची मुलं ओरडली. मी ओरडले की नाही ते आठवत नाही, पण घसा दुखत होता.

इथेच गोष्ट संपते असं वाटतं, पण संपत नाही. त्यानंतर कितीतरी आठवडे ते टाकीवर बसून शीळ घालत खायला मागत होतं, आणि दोघंही त्याला आणून देत होते. रोज देण्यात थोडा बदल होत होता. आधी चोचीपाशी, मग फांदीवर ठेवून दूर बसायचं, मग हवेतच नेऊन दाखवायचं, म्हणजे ते मागे यायचं. जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा मी त्याला मासळीबाजारावर फिरताना पाहिलं. अंगावरच्या ठिपक्यांवरून ओळखलं. त्याने झेप घेतली, रिकाम्या पायाने वर गेलं, पुन्हा आलं.

पुढे त्याच्या वाटेत काय काय आहे ते मला माहीत आहे. १७ सप्टेंबरच्या आगेमागे विश्वकर्मा पूजेला कोलकात्याचं आभाळ पतंगांनी भरून जातं, जसं आपल्याकडे संक्रांतीला. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली नायलॉनच्या आणि काच लावलेल्या मांजावर बंदी घातली, तरी तो विकला जातो आणि घारींचे पंख कापतो. दिल्लीत नदीम शहजाद आणि मोहम्मद सौद हे भाऊ अशा कापलेल्या घारी घरी आणून वर्षानुवर्षं शिवत, बांधत आले आहेत. शौनक सेन यांच्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’ या २०२२च्या माहितीपटाने त्यांचं काम जगापुढे नेलं.

आणि झाड. आमच्या गल्लीतून बाहेर पडलं की जो जेसोर रोड लागतो, तो बारासातच्या पुढे बांगलादेशच्या सीमेपर्यंत जुन्या शिरीषांच्या कमानींखालून जातो. पाच रेल्वे उड्डाणपुलांसाठी त्यातली तीनशेहून अधिक झाडं तोडायचं ठरलं तेव्हा लोक न्यायालयात गेले. तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे, नागपूरचे, यांच्या पीठाने झाडाची किंमत ठरवायला तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने २०२१ साली सांगितलं की झाडाचं वय गुणिले वर्षाला ७४,५०० रुपये, अशी त्याची किंमत धरावी. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोडीची वाट मोकळी केली. पुलांची गरज होती, फाटकांवर माणसं खोळंबत होती, मरत होती, हेही खरं. पण त्या समितीच्या हिशेबात प्राणवायू होता, खत होतं. शंभर वर्षांच्या शिरीषावर दरसाल वाढणारं एक पिल्लू त्यात कुठल्या रकान्यात धरणार? नवं रोप लावून तीन जाड फांद्यांचं ते बेचकं मिळायला आपला जन्म पुरत नाही.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. पुण्यात असा, नागपुरात असा की डमडममध्ये, जानेवारी ते मे या महिन्यांत तुमच्या गल्लीतल्या मोठ्या झाडाकडे वर बघा. काटक्यांचा ढीग दिसला तर दुर्बीण आणा आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवा, विशेषतः ज्यांना तो नको आहे त्यांना. छाटणी करायचीच असेल तर पावसाळा संपल्यावर करा, आणि करवत लावण्याआधी वर कुणी राहत नाही ना, एवढं बघून घ्या.